मदत हवी आहे: आईची शुगर, कमी झालेलं रक्त आणि फड्या निवडुंगाचा रस

उद्यमबागचा_गेजवाला

नमस्कार मंडळी. राहायला वडगाव, बेळगाव. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर हातात मायक्रोमीटर. त्यामुळं प्रश्न जरा आकड्यांत विचारणार आहे, वैतागू नका.

आई ६४ वर्षांची. शुगर ११ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. माळकरी आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. मागच्या महिन्यात तपासण्या केल्या. उपाशीपोटी १४८, तीन महिन्यांची सरासरी ७.९, हिमोग्लोबिन ९.४. जिना चढली की धाप लागते, पायाला मुंग्या येतात म्हणते.

हे गल्लीत कुणाला तरी कळलं आणि एक माणूस घरी बाटली घेऊन हजर. निवडुंगाच्या फळाचा रस. ५०० मिलीची बाटली ४८० रुपये. रंग असा की बीटसुद्धा लाजेल. "आज्जी, रंग बघूनच कळतंय की रक्त वाढणार म्हणून." वर चरकसंहितेत आहे, परदेशात संशोधन झालंय, शुगर मुळापासून जाते, वगैरे. आईनं माझ्या माघारी दोन बाटल्या घेतल्या. सकाळी ३० मिली, रात्री ३० मिली.

पाचव्या दिवशी सोमवार होता. आईचा उपास. सकाळी सवयीनं गोळी घेतली, रस घेतला आणि दुपारपर्यंत नुसता कोरा चहा. साडेअकराला पोरीचा फोन: "पप्पा, आज्जीला घाम सुटलाय, हात थरथरूलालेत, काहीतरी वेगळंच बोलूलालीय." शेजारच्या वैनींनी मशीनवर शुगर बघितली तर ५८. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी ८४ झाली, मग दहीभात. मी पोचेपर्यंत आई उठून बसली होती आणि मलाच विचारूलाली की कामावरनं का आलास.

रसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "चांगलंच की! लागू पडलाय बघा रस."

माझी अडचण इथंच आहे. उपास आणि रस दोन्ही एकाच दिवशी. दोन सेटिंग एकदम बदलली तर जॉब कशानं बिघडला ते मला शॉपमध्येसुद्धा सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट. मावशी अथणीकडं असते, कोरडवाहू माळ, बांधाला फड्याचं कुंपण. तिकडं पापासकळ्ळी म्हणतात. तिनं हे ऐकून टोपलीभर लाल बोंडं पाठवली, "विकत कशाला घेता?" म्हणून. मोठे काटे दिसतात, ते मी सांभाळले. पण बोंडावर बारीक पिवळट ठिपके असतात ना, ते काट्यांचे झुबके निघाले. सुती फडक्यानं धरलं तर फडक्यातनं आरपार. दोन दिवस बोटं, तळवा, आणि डोळा चोळला नाही हे नशीब. एक कुसळ चिमट्यानं काढून शॉपमधल्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावलं. ५० पट मोठं करून पडद्यावर बघितलं तर कडेनं उलट्या दिशेचे दात, माशाच्या गळासारखे, एकावर एक. आत जाताना गुळगुळीत, बाहेर येताना करवत. सुपरवायझर येऊन बघून गेला, म्हणाला असलं फिनिशिंग आपल्याला जमत नाही.

तर विचारायचं ते हे. संशोधन खरंच झालंय का, आणि झालं असेल तर कशावर: फळावर, फड्यावर की रसावर? किती ग्रॅम, किती दिवस, किती माणसं? हिमोग्लोबिन वाढतं का? मावशीच्या बांधावरचा निवडुंग आणि संशोधनातला निवडुंग एकच का? आणि गोळ्यांबरोबर चालतो का? डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. रस तोवर बंद केलाय. आई रुसली आहे, कारण पैसे गेले.

टिळकवाडीचा_टिल्लू

दादा, फड्या निवडुंगाच्या अर्कावर अमेरिकेत एक चाचणी झालीय, २००४ साली, पण ती दारूच्या हँगओव्हरवर! पिण्याआधी पाच तास अर्क द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी डोकं किती धरलंय ते बघायचं. थोडा फायदा दिसला म्हणे, मळमळ कमी. रसवाल्यानं हे कसं नाही सांगितलं? त्याचा खप दुप्पट झाला असता. (आज्जींना माझा नमस्कार. माळकरी माणसाला हे सांगू नका.)

खानापूरची_पायवाट

आधी ओळख. "निवडुंग" म्हणून आपल्याकडं दोन अगदी वेगळ्या कुळांतली झाडं चालतात. तीन-चार धारांचा, खरवडला की पांढरा चीक येणारा, तो युफोर्बिया. त्याचा चीक डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, पोटात गेला तर जुलाबानं माणूस हैराण. चरकसंहितेत जी स्नुही आहे ती ही. जोरदार रेचक म्हणूनच सांगितली आहे, तीसुद्धा जपून वापरायला.

तुमच्या मावशीच्या बांधावरचा चपट्या फड्यांचा. त्याला चीक नाही, नुसता बुळबुळीत रस. हा ओपुन्शिया, मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस तिकडं पोचला १४९२ साली, त्याच्यानंतर हे झाड जगभर फिरलं. चरकाला ते कुठून माहीत असणार? एवढं एक वाक्य रसवाल्याला ऐकवा.

ओपुन्शियातही जाती पुष्कळ. आपल्या माळांवर मुख्यतः दोन. लिंबासारख्या पिवळ्या फुलांचा डिलेनाय आणि केशरी-लालसर फुलांचा इलाटिओर. गुजरातेत ज्याला फिंडला म्हणतात आणि ज्याचा लाल रस बाटल्यांतून सगळीकडं फिरतोय तो हा दुसरा. मेक्सिकोत भाजी करून खातात तो फायकस-इंडिका, त्याला नोपाल म्हणतात. नावात इंडिका असली तरी तो भारतातला नव्हे. त्याच्या लागवडीच्या वाणांना मोठे काटे जवळजवळ नसतातच, फडा तळहातापेक्षा मोठा आणि कोवळा. म्हणजे लेखात "कॅक्टस" दिसला म्हणून तो आपल्या बांधावरचाच असं नाही.

खात्रीनं ओळख पटवायची असेल तर तुमच्या बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे. पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती हाच त्यांचा विषय. फुलासकट फोटो घेऊन विचारायला हरकत नाही. काटेरी फांदी पिशवीत घालून बसमधनं नेऊ नका म्हणजे झालं.

शहापूरची_सून

आमच्याकडंही तोच माणूस आला होता वाटतं! मी आठवडाभर घेतला. तिसऱ्या दिवशी लघवी लाल. मी घाबरून सकाळी सकाळी दवाखान्यात, नवऱ्याची ड्युटी बुडाली, तपासणीचे ३५० गेले, आणि डॉक्टर विचारतात, "काल बीट खाल्लं होतं काय?" रक्त अंगात वाढतंय म्हणून घेतला तर ते निघून चाललंय असं वाटलं बघा मला.

ताट_वाटी_चमचा

शहापूरताई, तुमचे डॉक्टर बरोबर बोलले. बीटमध्ये जो रंग आहे त्याच जातीचा या फळात आहे, बीटालेन म्हणतात. काही जणांच्या लघवीत तो तसाच उतरतो. त्याचा रक्ताशी आणि लोहाशी संबंध नाही. (मी आहारतज्ज्ञ आहे, निपाणीजवळ प्रॅक्टिस करते. नाव गाव विचारू नये.)

गेजवाले दादा, तुम्हाला आकडे हवेत ना, घ्या.

शुगरवरचं जुनं आणि सगळे ज्याचा दाखला देतात ते काम मेक्सिकोतलं, १९८८ साली छापलेलं. टाइप २ च्या १६ रुग्णांना भाजलेले फडे खायला दिले. फळ नव्हे, फडे. आणि चमचाभर नव्हे, ५०० ग्रॅम! तीन तासांत शुगर सरासरी ४० च्या आसपास उतरली. पुढं २०१४ मध्ये मेक्सिकोतच ३०० ग्रॅम वाफवलेले फडे नाश्त्याबरोबर देऊन बघितले, तर जेवणानंतर शुगर जी उसळी मारते ती कमी झाली. दोन्ही अभ्यास लहान, काही तासांपुरते. सहा महिने खाल्ल्यावर तीन महिन्यांची सरासरी किती उतरते, हे त्यातून कळत नाही.

काम कसं होतं? भेंडी चिरताना जी तार सुटते ना, तसाच बुळबुळीतपणा फड्यात असतो. तो आणि चोथा मिळून पोटातलं अन्न हळूहळू पुढं सरकवतात, साखर रक्तात सावकाश उतरते. आता सांगा, गाळून घेतलेल्या रसात यातलं किती उरलं? आणि फळात स्वतःची साखर असते ती वेगळीच.

फळावरचं चांगलं काम इटलीत पालेर्मोला झालं, २००४ साली. १८ धडधाकट माणसांनी रोज दोनदा २५० ग्रॅम फळ दोन आठवडे खाल्लं. शरीरातल्या पेशींची जी झीज होते तिच्या काही खुणा कमी झाल्या. चांगली गोष्ट आहे, पण ते ना शुगरचे रुग्ण होते ना रक्त कमी असलेले. २०१९ साली सगळे अभ्यास एकत्र घेऊन आढावा निघाला त्यातही शुगरसाठी थोडाफार आधार फड्याला मिळाला, फळाला ठाम असा नाही.

हिमोग्लोबिनचं म्हणाल तर गुजरातच्या फिंडल्यावर उंदरांत प्रयोग झालेत. औषध देऊन त्यांचं रक्त मुद्दाम कमी केलं आणि मग रस पाजला. उंदरांना फायदा दिसला. तुमची आई उंदीर नव्हे.

फळात लोह १०० ग्रॅमला ०.३ मिलिग्रॅम. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. बाकी गणित तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल.

आणि आता खरं महत्त्वाचं. तो सोमवार. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन बाहेर काढतेच. ती घेऊन उपाशी राहिलं तर रसाचा थेंब न घेताही ५८ होऊ शकते. म्हणून मी पहिला दोष गोळी आणि उपासाला देईन. रस निर्दोष असंही म्हणणार नाही. याच गटातली ग्लिपिझाइड आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या एका माणसानं जोडीला फडे खाल्ले आणि शुगर वारंवार खाली गेली, अशी नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. शुक्रवारी डॉक्टरांना उपासाचं आणि रसाचं, दोन्ही सांगा. लपवू नका. वैनींनी साखर देऊन पंधरा मिनिटांनी परत बघितलं ते मात्र अगदी बरोबर केलं. ७० च्या खाली गेली की हेच करायचं.

एक काम करा. तो रक्ताचा रिपोर्ट घरात असेलच. हिमोग्लोबिनच्या खाली चार-पाच ओळी सोडून एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, लिहिलेला असतो. तो आकडा इथं टाका. ११ वर्षं मेटफॉर्मिन, अंडं-मांस नाही, पायाला मुंग्या... मला लोहापेक्षा दुसरीच शंका येतेय.

मलप्रभाकाठचा_आबा

सौंदत्तीकडचा आहे, वय ७८. आमच्या लहानपणी गुरं राखताना ही बोंडं खायचो. हातानं कधी धरायची नाहीत. काठीनं पाडायची, पळसाच्या डहाळीनं मातीत घोळसायची, मग विस्तवावर लोळवायची. कुसळं चरचर जळतात, वास येतो. मग दगडावर ठेवून दोन्ही टोकं उडवायची, मधे उभी चीर, साल आपोआप उलगडते. आत लालभडक गर. जीभ, दात, सदरा सगळं लाल. घरी गेल्यावर लपवता यायचं नाही.

पण एक सांगतो. बिया फार आणि दगडासारख्या. एका वर्षी आम्ही पोरांनी पैजेनं खाल्ली, मी तीस की चाळीस. तीन दिवस परसाकडंला झाली नाही. शेवटी आजीनं एरंडेल पाजून, काय काय करून सोडवलं. ते लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्या माणसाला तर बियांसकट अजिबात देऊ नका.

पूर्वी माळच्या माळ फड्यानं भरले होते म्हणून माझा आजा सांगायचा. गावात यायला वाट उरली नव्हती. मग पांढरी कीड आली आणि दोन-चार वर्षांत सगळं बसलं.

खानापूरची_पायवाट

आबा, तुमच्या आजोबांचं खरं आहे. ती कीड मुद्दाम आणली होती. त्याआधीची गंमत अशी, की १७९५ मध्ये इंग्रजांनी लाल रंगासाठी ब्राझीलहून कोचिनियल कीड मागवली, पण आली भलतीच जात. रंग धड मिळाला नाही, उलट तिनं एका जातीचा निवडुंगच खाऊन संपवला. तणावर कीड सोडायची कल्पना जगात तिथून सुरू झाली. तुमच्या आजोबांच्या वेळची ती दुसरी जात, १९२६ साली श्रीलंकेहून आणलेली. ती वर सांगितलेल्या डिलेनाय आणि इलाटिओरवर जगते. अजून बांधावर दिसते, फड्यावर कापूस चिकटल्यासारखी.

ताट_वाटी_चमचा

आबांचा बियांचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका. बियांचा गोळा अडकून मुलांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या नोंदी ही फळं खाणाऱ्या देशांत भरपूर आहेत. आणि मुतखड्याची खोड असलेल्यांनी फडे जपूनच खावेत, ऑक्झलेट बरंच असतं.

उद्यमबागचा_गेजवाला

सगळ्यांचे आभार. शुक्रवार होऊन आज आठ दिवस झाले, उशिरा लिहितोय.

आधी गणित. आई दिवसाला ६० मिली घेत होती, म्हणजे जेमतेम ०.१८ मिलिग्रॅम लोह. एका लाल गोळीएवढं लोह मिळवायला २० लिटर रस लागतो. ४० बाटल्या. १९,२०० रुपये. हे आईला कागदावर मांडून दाखवलं. ती म्हणाली, "चाळीस घेतल्या तर कमी लावेल की तो."

एमसीव्ही १०४ निघाला. रिपोर्ट महिनाभर माझ्याच ड्रॉवरमध्ये होता आणि मी फक्त हिमोग्लोबिनची ओळ वाचून मिटवला होता. शॉपमध्ये असा एकच डायमेन्शन बघून जॉब पास केला असता तर मला घरी बसवलं असतं. तांबड्या पेशी लहान नव्हे, मोठ्या झाल्या होत्या. डॉक्टरांना तो आकडा दाखवला, त्यांनी लगेच बी-१२ बघायला सांगितलं. १४२ आलं, २०० च्या वर तरी पाहिजे होतं. ताट-वाटी ताई, तुमची शंका हीच होती ना? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ नीट शोषलं जात नाही, त्यात आईच्या जेवणात दूध-ताक सोडलं तर ते येतं कुठून? इंजेक्शनं सुरू झालीत, चार झाली. मुंग्या कमी व्हायला वेळ लागेल म्हणाले. गोळीतलं ग्लिमेपिराइड निम्मं केलं आणि उपास असला तर ती गोळी कशी घ्यायची ते लिहून दिलं. रस बंद. चार-सहा महिन्यांतनं कधी मावशीकडं गेल्यावर एखादं बोंड, बिया काढून, खाल्लं तर चालेल म्हणाले.

आता बाटलीचं ऐका. लेबल एका बाजूला मराठीत, एका बाजूला कन्नडात. मी मराठी बाजू वाचली होती. रक्तवाढ, शुगर, गुडघे, केस, सगळं. पोरगी कन्नड शाळेत आहे, तिनं परवा सहज दुसरी बाजू वाचली. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, "सक्करे कायिले"च्या, म्हणजे शुगरच्या, गोळ्या घेत असाल तर "वैद्यर सलहे पडेयिरी", डॉक्टरांचा सल्ला घ्या. मराठी बाजूला ही ओळच नाही. तिथं त्या जागेवर फळाचं चित्र आहे. रसवाल्याला विचारलं तर म्हणाला, जागा पुरली नाही.

न फोडलेली बाटली तो परत घेत नाही. ग्राहक तक्रारीचं कुणाला माहीत असेल तर सांगा, ४८० रुपयांसाठी नव्हे, त्या ओळीसाठी.

आणि आबा, रविवारी मावशीकडं जाऊन आलो. बांधावरच्या फड्याला तो कापूस होता. आईनं काडीनं थोडा काढून माझ्या अंगठ्यावर चिरडला. अंगठा लालभडक झाला, अजून नखाच्या कडेला आहे. ती म्हणाली, "हे बाटलीत भरून विकलं नाही अजून कुणी?"